रिकाम्या खोलीची राखण

समजा, तुम्हाला एका कारखान्याच्या गेटवरच्या खोलीत उभं केलंय. येईल त्या अनोळखी माणसाशी बोलायचं, त्याची ओळख विचारायची. पण तुमच्या खिशात एकही किल्ली नाही आणि खोलीत साधी खुर्चीही नाही. किल्ल्या भिंतीपलीकडच्या माणसाकडे. तो पाहुण्याचं तोंडही बघत नाही, तुमच्या ठरावीक प्रश्नांना तेवढी उत्तरं देतो. उद्या कुणी तुम्हाला फितवलंच, तर त्याच्या हाती काय लागेल? रिकामी खोली.

चाकणच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळणारी स्वप्नाली बाहेरून लॉगिन देणारा प्रोग्राम असा समजावते. ती चिखलीत वाढली. वडील लातूरहून येऊन लेथ मशीनवर उभे राहिले. घरातली पहिली डिप्लोमावाली हीच. आवाज हळू, पण एकदा नाही म्हणाली की नाही.

मंगळवारी वेल्डिंगचा रोबो अडला. दुरुस्त करणारा इंजिनिअर बंगळुरूत. त्याला रोबोपर्यंत यायचं तर स्वप्नालीच्या सर्व्हरमधूनच, आणि सर्व्हर कुणालाच आत घेईना.

प्लांट मॅनेजर शेखर सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "मधलं सगळं काढ. त्याला थेट सगळे अधिकार दे. लाइन थांबलीय."

"सर, मग गेटवरच्या माणसाच्याच हाती सगळ्या किल्ल्या जातील. चहा येईपर्यंत थांबा."

"चहा आला आणि लाइन नाही सुरू झाली, तर उद्यापासून तुला चहालाच ठेवतो."

"चालेल. तुमच्यात साखर कमी घालीन."

तिने सर्व्हरवरचा संदेश वाचला. एक फोल्डर सापडत नव्हतं. गेटवरच्या प्रोग्रामला ज्यात कोंडून ठेवतात, नेमकं ते रिकामं फोल्डर.

कंपनीत फाइव्ह-एसची, म्हणजे आवराआवरीची मोहीम चालू होती. निरुपयोगी वस्तूला लाल चिठ्ठी लावायची आणि बाहेर काढायची. स्वप्नालीने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. मेंटेनन्सचा आदिनाथ, चाकणजवळच्याच गावचा, मान खाली घालून बसला होता.

"व्हय ताई, काल मीच उडवलं. आत काय बी न्हवतं. म्हनलं, लाल चिठ्ठीचाच माल हाय."

बॅकअपसाठी त्याला सगळे अधिकार तिनेच दिले होते. तिने फोल्डर पुन्हा बनवलं, मुख्य खात्याच्या मालकीचं केलं, बाकी कुणाला त्यात लिहिता येणार नाही असं बघितलं आणि प्रोग्राम सुरू केला. बंगळुरूचा इंजिनिअर आत आला. थोड्या वेळाने शॉप फ्लोअरवर रोबोचा हात उचलला गेला.

शेखर सरांनी चहाचा घोट घेतला. "साखर कमीच आहे," एवढंच म्हणून ते गेले.

स्वप्नालीने आदिनाथकडे बॅकअपपुरतेच अधिकार ठेवले.

"राग आला व्हय?"

"नाही रे. इतक्या किल्ल्या तुला द्यायलाच नको होत्या."

"मंग त्या फोल्डरात येक चिठ्ठी टाका की. 'काढू नये' म्हनून."

"मग ते रिकामं कुठे राहिलं?"

आदिनाथ हसला. ती मात्र आकुर्डीच्या बसमध्ये बसल्यावरही तेच मनात घोळवत होती. एखादी जागा रिकामी आहे म्हणूनच कामाची आहे, हे त्या जागेत काहीही न ठेवता पुढच्या माणसाला कळवायचं कसं?