सात वर्षांवरील सर्वांसाठी

खराडीतल्या एका ऑफिसात मी सिनेमांना वय देतो. घरी टीव्हीवर सिनेमा लावला की कोपऱ्यात सात, तेरा, सोळा, अठरा असा आकडा दिसतो ना, तो आमच्यासारखे पगारी लोक ठरवतात. समोर तक्ता असतो: हिंसा, शिव्या, नशा, नग्नता, भीती. जे दिसेल त्याच्यापुढे मिनिट लिहायचं. दिवसाला पाच सिनेमे उरकायचे असतात, त्यामुळे आम्ही सगळेच दीडपट वेगानं बघतो, आवाज बंद ठेवून, खालच्या ओळी वाचत. त्या वेगात रडणारा माणूस सर्दी झाल्यासारखा दिसतो.

ज्या सिनेमाबद्दल सांगतोय, त्यात तर कोणी फारसं रडतही नव्हतं. एक आजारी आई, तिची लहान मुलगी, आणि आई वाचणार नाही हे मुलीपासून लपवणारं सगळं घर. रक्त नाही, शिवी नाही, कोणी साधी सिगारेटही ओढत नाही. तक्ता कोरा राहिला. मी सात टाकलं आणि जेवायला गेलो. तीन वर्षांपूर्वी माझ्याच घरात नेमकं हेच घडलं होतं, तरी मला काही आठवलं नाही. किंवा आठवू नये म्हणूनच मी एवढा भरभर बघत असेन. मला स्वतःची किळस येते ती इथं.

बायको गेली तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. शेवटचे दोन महिने तिला अमरावतीला मावशीकडे ठेवलं होतं. आई ट्रेनिंगसाठी बंगलोरला गेलीय, असं सांगितलं. आयटीतल्या बाईबद्दल ही थाप सहज खपते. फोन लावण्याआधी बायको कोमट पाणी पिऊन आवाज साफ करायची आणि हॉस्पिटलच्या खाटेवरून बंगलोरच्या हवेबद्दल काहीबाही सांगायची. मुलीला पुण्यात आणलं ते थेट तेराव्याला. 'अचानक झालं' म्हणालो. तिच्या वयाला एवढं पुरे, असं आम्ही मोठ्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं.

तो सिनेमा टीव्हीवर आला त्या शनिवारी सकाळभर मी धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात होतो. तेराच्या आतलंच उघडेल असं कुलूप टीव्हीला मीच घातलं होतं, म्हणून मुलगी काय बघतेय ते डोकावून पाहिलंही नाही. बाहेर आलो तेव्हा तोच सिनेमा संपला होता आणि ती बंद टीव्हीसमोर बसली होती.

"बाबा, आईला माहीत होतं?"

"काय?"

"ती वाचणार नाही ते."

मी ओले हात पुसत राहिलो.

"म्हणजे ट्रेनिंग नव्हतंच," ती म्हणाली. "मी रोज विचारायची, कधी येणार. ती म्हणायची, पुढच्या रविवारी."

तू लहान होतीस, असं काहीतरी मी पुटपुटलो. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी आमच्या टीम लीड बाईंना म्हटलं, त्या सिनेमाचं वय वाढवायचंय. बाई कसबा पेठेत वाढलेल्या, शब्द वाया घालवत नाहीत.

"कारण?"

"लहान मुलांना त्रास होईल."

"कितव्या मिनिटाला?"

मी कोरा तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला.

"अहो, मग मी लिहू काय? दुःखाचा रकाना नाहीये आपल्याकडे."

सात तसंच राहिलं. आजही तसंच आहे.

संध्याकाळी घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं. तो आकडा मीच टाकला होता, चुकीचा टाकला होता, तो सिनेमा तुझ्या वयाचा नव्हताच. माफी मागायचा माझा हा भेकड प्रकार होता. तिनं दप्तर भरता भरता ऐकून घेतलं.

"मग आईचं मला कितव्या वर्षी सांगणार होतात?"

तिनं दप्तराची चेन लावली.

"मला तिच्याजवळ बसायचं होतं, बाबा," ती म्हणाली.