हर्षिताच्या पुढे टेम्पो

हर्षिता चिडली की घरात कुणी कुणाला विचारायला जात नाही. स्वयंपाकघरातली भांडीच सांगतात. या ऑगस्टात ती भांडी दोन आठवडे बोलत होती. पातेलं ओट्यावर आपटायचं, झाकण सिंकमध्ये फेकायचं, ताटं वाढायची आणि एक शब्द न बोलता आत निघून जायचं. धुळ्याच्या गल्ली नंबर पाचमधल्या त्या घरात सासरे ज्ञानचंद, सासू गुलाबबाई, नवरा पारस आणि थोरल्या दिराचा मुलगा रोनक अशी चार माणसं खाली मान घालून जेवत होती. हिला एवढं झालंय तरी काय, हे चौघं एकमेकांना डोळ्यांनीच विचारत होते. ते विचारताना ती बघायची आणि तिचं डोकं आणखीच फिरायचं.

घर सरकीच्या ढेपेचं. ज्ञानचंदजींचे आजोबा राजस्थानातून आले आणि गुरांच्या खाद्याचं दुकान टाकून इथलेच झाले. पुढे दुकान, मागे गोदाम, आणि ढेपेची पोती पोचवायला एक छोटा हत्ती, म्हणजे तो लहान टेम्पो. रोनकचे आईबाप चाळीसगावला. पोरगा धंदा शिकायला काकांकडे राहतो आणि टेम्पो तोच चालवतो. घरात बोलणं मारवाडीत चालतं, इथं ते मराठीत उतरलंय एवढंच.

हर्षिताने चाळिशी ओलांडली तेव्हा मुलगा अमन पुण्याला शिकायला गेला. त्याची गिअरची सायकल गोदामात पोत्यांमागे पडून होती. एका सकाळी तिने ती बाहेर ओढली, पुसली, गुडघेदुखीवर सायकल बरी असते असं घरात सांगितलं आणि निघाली. गुडघे तिचे ठणठणीत होते. पण व्यापाऱ्याच्या घरच्या सुनेने नुसती मजा वाटते म्हणून सायकल चालवायची, हे सांगायचं कुणाला?

सासऱ्यांनी परवानगी दिली, ती अट घालून. बाजार उघडायच्या आत परत यायचं आणि गल्लीतून सायकल हातात धरून चालत जायचं. ती चालत जायची. गल्लीच्या तोंडाशी आली की हेल्मेट चढवायची, सायकलिंगच्या चड्डीवर घातलेली सैल पँट काढून पाठीवरच्या पिशवीत कोंबायची आणि थेट लळिंगचा घाट गाठायची. पहिल्या वर्षी घाटात उतरून तिने सायकल ढकलली. दुसऱ्या वर्षी शहरातले डॉक्टर लोक ग्रुपने सायकल चालवतात, त्यांना गाठलं. तिसऱ्या वर्षी तेच डॉक्टर मागून "वहिनी, जरा हळू" असं ओरडायला लागले. नाशिकच्या एका डेंटिस्टने वापरलेली रेसची सायकल तिने घेतली, तेव्हा पारसने टायरं दाबून पाहिली होती आणि विचारलं होतं, "एवढ्या बारीक टायरांवर भाजी कशी आणणार?"

तिने या आधी स्पर्धाही केल्या होत्या. जळगावला एकदा पाचवी आली, अमळनेरला चौथी, आणि एकदा ऐन शेवटाला चेन उतरली. घरी सांगितलं की सगळे म्हणायचे, वा, या वयात भाग घेतलास हेच खूप. त्या "हेच खूप"चा तिला वीट आला होता. हेच खूप कसं? गोट्या खेळायला गेली होती का ती? तिला पहिलं यायचं होतं. नुसतं एकदा, पण पहिलं.

यंदा स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने धुळे ते नरडाणा आणि परत अशी स्पर्धा होती. पुरुष आधी सुटले, बायका बऱ्याच वेळाने. सुटण्याआधी पंचांनी, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या पंडित सरांनी, शिट्टी वाजवून नियम सांगितला. "कुणाचीही घरची गाडी स्पर्धकाच्या पुढे, मागे, बाजूला दिसली तर नाव बाद. ऐकाले ऊनं ना बठ्ठासले?" सगळ्यांनी ऐकू आल्याच्या माना डोलावल्या. हर्षितानेही डोलावली. तिच्या घरची गाडी तिच्यासाठी कशाला येतेय? सकाळी ती निघाली तेव्हा कौतुकाने दुकानाबाहेरसुद्धा कुणी आलं नव्हतं.

नरडाण्यापर्यंत वारा पाठीवर होता, त्यामुळे जाताना सगळ्याच शूर होत्या. तिथून वळसा घालून परत फिरलं की तोच वारा तोंडावर. अशा वाऱ्यात जी पुढे राहते तिचा जीव जातो आणि जी तिच्या मागच्या चाकाला चिकटून येते तिची निम्मी मेहनत वाचते. हर्षिताच्या चाकाला मोहिनी चिकटली होती. रावेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी, जळगावच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका, वयाने हर्षितापेक्षा कितीतरी लहान आणि पायात ताकद अशी की बघत राहावं. शेवटाला ही मला सहज मागे टाकणार, हे हर्षिताला ठाऊक होतं. म्हणून सोनगीरचा चढ आला तशी ती उठून उभी राहिली आणि लळिंगच्या घाटात रोज सकाळी जे केलं होतं ते सगळं तिने तिथं ओतलं. चढ संपला तेव्हा छातीचा भाता झाला होता. तिने मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

ती पहिली होती. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, आणि तोंडावर सणसणीत वारा. तिला मोठ्याने हसावंसं वाटलं, पण हसायला श्वास उरला नव्हता.

तेवढ्यात दुभाजकाच्या फटीतून एक छोटा हत्ती वळला आणि बरोबर तिच्या पुढे येऊन चालायला लागला. चारी दिवे मिचमिचत होते. मागच्या फळीवर सासऱ्यांच्या दुकानाचं नाव होतं आणि खिडकीतून रोनक हात हलवत होता.

वारा एकदम थांबला. इतकी मेहनत करून जो वारा तिने अंगावर घेतला होता, तो त्या टेम्पोने अडवला. "हट! बाजूला हो!" ती ओरडली. रोनकने आरशात पाहून अंगठा दाखवला. तिने हाताने जा, जा अशी खूण केली. त्याला वाटलं, काकी म्हणतेय चल, चल. तिने वेग कमी केला, त्यानेही केला. ती बाजूने पुढे काढायला गेली, तर मागून ट्रक येताहेत म्हणून पोराने प्रेमाने टेम्पो आडवा घातला. थांबावं तर मागून मोहिनी येणार. चालावं तर टेम्पोच्या आडोशाने. शिव्या तिला येत नव्हत्या याचं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं. मोटारसायकलवरचा स्पर्धेचा एक कार्यकर्ता शेजारून गेला, त्याने टेम्पोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुढे निघून गेला.

रेषा तिने पहिली ओलांडली. टाळ्या दोन-चारच वाजल्या. पंडित सर जवळ आले, त्यांचा आवाज मुद्दाम हळू होता.

"ताई, तो टेम्पो तुमना घरना शे का?"

"हो," हर्षिता म्हणाली.

"मंग आते मी काय करसू, तुम्हीच सांगा."

तिने सांगितलं नाही. नियम बरोबर होता, आणि दुसरीच्या पुढे असा टेम्पो दिसला असता तर तिनेच आकाशपाताळ एक केलं असतं. पहिला नंबर मोहिनीला गेला. ती कप हातात घेऊन आली, चेहरा ओशाळलेला.

"ताई, राग नका धरू. सोनगीरले तुमी सोडलंच व्हतं मले, मी म्हन्ते ना. पन मंग टेम्पो आला. आता कोनाले काय सांगता?"

तेच तर. पंडित सरांवर चिडायला जागा नव्हती, मोहिनीवर तर नव्हतीच. चिडायला उरला रोनक, आणि तो पाण्याची बाटली घेऊन हसत हसत आला. "काकी, आणलं की नाही नीट?" हर्षिताने बाटली हिसकली आणि रस्त्यापलीकडे भिरकावली. तो काहीतरी सांगू लागला, पण तिने त्याला तोंड उघडू दिलं नाही.

घरी तर कहर झाला. टेम्पो कुणी पाठवला, हे तिने विचारलं. ज्ञानचंदजी म्हणाले, कुणी का पाठवेना, काळजीपोटीच पाठवला ना? पारस म्हणाला, झालं ते झालं, पोराला किती बोलशील. आणि सगळ्यावर कळस म्हणून सासरे समजावणीच्या सुरात म्हणाले, "कपच हवाय ना? बाजारात बनवून मिळतो. तुझं नाव घालून आणतो उद्या." त्यानंतर भांडी बोलायला लागली.

पर्युषण आलं. घरातल्यांनी उपास केले, हर्षितानेही केले, पण पोटात एवढा राग असल्यावर भूक लागतेच कुठे? संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, सगळे जैन स्थानकात प्रार्थनेला जाऊन आले. मग मोबाईल वाजायला लागले. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा असावी, मिच्छामि दुक्कडम्, असे दिव्याचे आणि कमळाचे फोटो ढिगाने येत होते. घरच्याच ग्रुपवर रोनकचाही एक आला, कुणाकडून तरी आलेला, तसाच पुढे ढकललेला. शेजारच्या खोलीतून त्याने तो पाठवला होता. ते कमळ बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीत सगळे जमले. या दिवशी घरात खमतखामणा करायचा, म्हणजे एकमेकांपुढे हात जोडून वर्षाची क्षमा मागायची आणि द्यायची, अशी रीत. ज्ञानचंदजींनी सुरुवात केली. सगळ्यांकडे एकदा नजर फिरवून नेहमीचं वाक्य म्हटलं. पारसने म्हटलं. रोनक हर्षितापुढे येऊन वाकला. "काकी, वर्षभरात काही चुकलं असेल तर खमतखामणा."

"कशाबद्दल?" हर्षिताने विचारलं.

रोनक गोंधळला. "सगळ्याबद्दल."

"सगळ्याबद्दल नको. एकच सांग, कशाबद्दल ते."

"सूनबाई," ज्ञानचंदजींचा आवाज चढला, "क्षमा मागणाऱ्याला कारण विचारायची पद्धत नाही आपल्यात."

"मग मला देताही येणार नाही, बाबूजी. काय द्यायचं तेच मला कळत नाही."

सासऱ्यांपुढे असं बोलण्याची त्या घरात ही पहिलीच वेळ असावी. मग खुर्चीत बसलेल्या गुलाबबाईंनी हात जोडले.

"टेम्पो मी पाठवला होता," त्या म्हणाल्या. "तुझी शर्यत मोडायला नाही गं. तुला आणायला. बाकीच्या सगळ्या तरण्या पोरी. मी म्हटलं, ही मागे पडेल, सगळ्या निघून जातील आणि ही हायवेवर एकटी राहील. सायकल टाकायला मागे पोतीसुद्धा अंथरून दिली होती मी."

हर्षिता रोनककडे वळली. "आणि तू? मी पहिली होते. तुला दिसलं नाही?"

रोनकच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "काकी, मी उशिरा उठलो. शर्यत संपते त्या मैदानावर आलो तर सायकलवाले पोचलेले, बक्षिसांची तयारी चाललेली. पुरुषांची शर्यत वेगळी, हे मला माहीत नव्हतं. पुढे आलो तर तुम्ही एकट्याच. तुमच्या पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. मला वाटलं, सगळ्या पोचल्या, तुम्हीच राहिलात."

हर्षिताने पारसकडे पाहिलं. "तुम्हालाही तेच वाटलं होतं?"

पारस जमिनीकडे बघत राहिला. सासऱ्यांना तिने विचारलंच नाही. दोन आठवडे ती एका टेम्पोवर चिडून होती. रस्त्यावर एकटी बाई दिसली तर ती सगळ्यात शेवटचीच असणार, याबद्दल या घरात कुणाला शंकाही आली नव्हती. आणि याच माणसांना ती रोज गरम पोळ्या वाढत होती.

गुलाबबाई हात जोडूनच बसल्या होत्या. हर्षिता पुढे गेली आणि रीतीप्रमाणे त्यांच्या पायांना तिने हात लावला.

"टेम्पोचं माफ केलं, माँजी," ती म्हणाली. "रोनकचंही केलं. पण मी शेवटचीच असणार असं तुम्हा सगळ्यांना वाटलं, त्याचं नाही. ते मला या वर्षी जमणार नाही."

आणि ती उभी राहिली. हात तिने जोडले नाहीत.