अकरावा फोटो

देवमनच्या बॉक्स कॅमेऱ्यातला रोल बारा फोटोंचा. बारावा निघाल्याशिवाय रोल धुवायचा नाही, हा अकोल्याच्या या फोटोवाल्याचा नेम. गावभरची लग्नं त्यानं काढली, पण त्याची बायको पंचफुला कधी कॅमेऱ्यापुढं आली नाही. बासष्ट सालच्या चैत्रात बाळंतपणाला मोर्शीला माहेरी निघताना मात्र स्वतःच दारात उभी राहिली.

"काढा बरं. अन् तुमी हासू नका, मले हासू येते."

तो अकरावा.

चौथ्या दिवशी बाजारात जमादारानं भाजीवाल्या गंगूबाईची टोपली लाथेनं उलथली, वर हातावर दांडकं हाणलं. देवमननं बटण दाबलं.

"पोलिसाचा फोटो? कोणाले इचारलं बे?"

"इचाराचं काय, जमादारसाहेब? तुमी भररस्त्यात मारून राहिले, मी भररस्त्यात काढून राहिलो."

बाजार खदाखदा हसला. जमादारानं कॅमेरा हिसकला. तिसऱ्या दिवशी कॅमेरा परत आला, पण आत रोल नव्हता.

जाऊ दे, पंचफुला आली की पुन्हा काढू, असं देवमननं मनाशी म्हटलं. पण मोर्शीहून आली ती तार. पंचफुला बाळंतपणातच गेली होती.

मग दर सोमवारी तो ठाण्याच्या पायरीवर.

"कावून आला बे पुन्हा?"

"तुमचा फोटो कापून ठेवा साहेब. अकरावा तेवढा द्या."

खुशालराव वकिलांनी समजावलं, "रस्त्यावर पोलिसाचा फोटो काढू नये, असा कायदाच नाही, देवमन. अर्ज करू. उलट त्यालाच जाब द्यावा लागेल."

"जाब राहू द्या त्याच्यापाशी. मले तिचं तोंड पायजे."

अर्ज लागू पडला. श्रावणात ठाणेदारानं रोल हातावर ठेवला. रोलभोवतीचा काळा कागद सैल होता. देवमननं जमादाराकडं पाहिलं.

"आत काय हाय म्हणून उन्हात उलगडून पाह्यला," जमादार खाली बघत पुटपुटला. "मले काय ठाव, उन्हानं जाते म्हणून?"

तरी देवमननं तो धुतला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता काळा.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गंगूबाईपुढं येऊन बसला.

"माय, पंचफुला तुमच्याकडूनच भाजी नेत जाय. हासली म्हणजे तिच्या कोणत्या गालावर खळी पडे?"

गंगूबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "उजव्या, बाप्पा."



"मले डाव्या वाटे," तो म्हणाला.