तीन माउथपीस आणि बंद दार
आमचे सासरे कारखान्याच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवतात. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं बुटकं भावंड. पण हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही, अर्धा तास व्याख्यान ऐकावं लागतं. एरवी ते तिथल्याच भांडारात बसतात आणि मागेल त्याला सुटे भाग काढून देतात. आजवर कुणाला चुकीचा नट दिलेला नाही. असा माणूस बोटभर पितळी तुकड्यापुढे हात टेकताना मी पाहिला.

झालं असं, की बँडचे जुने मास्तर निवृत्त झाले आणि नवे आले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मला कॉर्नेटचा जुन्या वळणाचा आवाज हवाय. गोल, मऊ. कानाला टोचणारा नको. रविवारी सगळ्यांना ऐकतो आणि कार्यक्रमात एकट्यानं वाजवायचा तुकडा कुणाला द्यायचा ते ठरवतो." तो तुकडा बावीस वर्षं सासऱ्यांचा होता. त्यांची झोपच उडाली.

आवाज बदलायचा तर माउथपीस बदलायचा, म्हणजे ओठांना लावून फुंकायचा तो पितळी तुकडा. वाद्यांच्या दुकानदारानं तसे तीन घरी वाजवून बघायला दिले. एक आतून नरसाळ्यासारखा खोल, एक बशीसारखा उथळ, एक अधलामधला. त्याचं म्हणणं, खोल घ्या, मऊ वाजतो. बँडमधला एक म्हणाला, खोलीचं सोडा, कड जाड हवी. दुसरा म्हणाला, कड नव्हे, आतलं भोक बघा. नाना तऱ्हा! मी शिवणकाम करते, म्हणून निदान ओळखू यावेत यासाठी तिन्हींना रंगीत दोरे बांधले. खोल निळा, उथळ लाल, मधला पिवळा. सासऱ्यांनी दोन दिवस तिन्ही आलटून पालटून फुंकले आणि ओठ सुजवून घेतले.

"बाबा, तुमचाच आवाज, आणि तुम्हालाच कळत नाही?" मी विचारलं.

"अगं, मी त्याच्या मागे उभा असतो. तो पुढे निघून जातो. कसा ऐकू येत असेल, मला काय माहीत?"

"मला विचारा की," सासूबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "बत्तीस वर्षं ऐकतेय."

खरंच होतं ते. पोरं तान्ही असल्यापासून सासरे न्हाणीघरात दार लावून सराव करायचे. त्या दिवशीही सवयीनं आत गेले, कडी लावली आणि आतून रंग सांगत एकेक माउथपीस वाजवू लागले. निळ्याला सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली, पिवळ्याला तोंड वाकडं केलं. लाल वाजला आणि त्यांचा विळीवरचा हात थांबला.

"हाच! डोळे मिटून सांगते, हाच यांचा." त्यांचे डोळे भरून आले होते.

"पण आई, दुकानदार तर खोल घ्या म्हणाला..."

"दुकानदारानं संसार केलाय का यांच्याशी?"

मग लालच ठरला.

रविवारी सासरे जाऊन आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. "मास्तर म्हणाले, धार फार आहे. तुकडा दुसऱ्याला दिला." मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "तू तर म्हणालीस, हाच माझा."

"हाच होता! मी काय खोटं सांगेन?"

"मोठ्या हॉलमध्ये कसा वाजायचा, आठव ना जरा."

"हॉलमध्ये मी कधी आले?" सासूबाई म्हणाल्या. "पोरं होती, तुमच्या आईंचं आजारपण होतं. तुमचा गणवेश इस्त्री करून द्यायचा, की माझं झालं."

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. सगळी धार दारच खाऊन टाकायचं. दाराआडून लालसुद्धा मऊ लागायचा आणि निळा तर कोंडलेला.

"एकदाही आली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत, आलीस का म्हणून?"

सासरे वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. मला दोघांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. सहा वर्षं या घरात असून मी तरी कुठे गेले होते?

कार्यक्रमाला सासरे निळा लावून तिसऱ्या रांगेत, बाकीच्यांबरोबर बसले. सासूबाई पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. आठ कॉर्नेट एकदम सुरू झाले. त्या माझ्या कानाशी वाकल्या. "यातला यांचा कुठला गं?"

मला कुठे कळत होतं? "तो मऊ आहे ना, तो," मी ठोकून दिलं. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि मग नकारार्थी मान हलवली.

बाहेर आल्याबरोबर सासऱ्यांनी विचारलं, "कसा वाजला?"

"मला नाही ओळखू आला," सासूबाई सरळ म्हणाल्या. "सगळे एकदम वाजवत होते. घरी गेल्यावर एकटे वाजवा. मी समोर बसते."

सासरे गोंधळले. आधी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या कॉर्नेटच्या पेटीकडे.

"समोर?" ते म्हणाले. "समोर बसलीस तर मला वाजवता यायचं नाही गं."