तिकांड्याभोवतीची लाली

"यातली लाली कुठं गेली?"

गायकवाड मॅडमनी तीन फुटी प्रिंट काउंटरवर उलगडली होती आणि तिच्यावर बोट आपटत होत्या. मी पाहिलं. मला तर प्रिंट झकास वाटत होती. काळंभोर आकाश, भरपूर चांदण्या, मधे एक करडा पुंजका. डाग नाही, पट्टा नाही.

"लाली होती. मीच काढली," मी म्हणालो. "सगळा फोटो तांबडा मारत होता."

"अहो, त्या लालीसाठीच माझे सहा शनिवार गेले."

मी शिरूरच्या एका फोटो लॅबमध्ये बावीस वर्षं कलर करेक्शन करतो. फोटो छापायच्या आधी त्यातला रंगाचा तोल सावरायचा, एवढंच काम. लग्नाचे अल्बम, बारशी, साखरपुडे. गिऱ्हाइकाची मागणी एकच, गोरं करा. आमच्या मशीनलाही तीच सवय. जरा कुठं तांबूस दिसलं की ते आपोआप लाल कमी करतं. आकाश आमच्याकडं पहिल्यांदाच आलं होतं आणि मशीननं त्यालाही गोरं केलं होतं.

मॅडम दौंडला रेल्वेत सिग्नलचं काम बघतात. सुट्टीला कासुर्डीत मामाच्या शेतावर कॅमेरा लावतात. आपण ज्याला तिकांडं म्हणतो, त्या तीन चांदण्यांच्या भोवतीचं सगळं आकाश त्यांनी एका फोटोत धरलं होतं. शेकडो फोटो एकावर एक रचून तो एक फोटो होतो. तिथं वायूचे प्रचंड ढग आहेत, तेजोमेघ म्हणतात त्यांना. ते खोल लाल रंगात उजळतात, पण इतके फिके की डोळ्याला दिसत नाहीत. साध्या कॅमेऱ्यातली एक काच नेमका हाच लाल अडवते, म्हणून मॅडमनी ती काच काढून घेतली होती. एवढा खटाटोप करून त्यांना तिकांड्याभोवतीचं लाल कडं मिळालं होतं. ते मशीननं आणि मी मिळून एका क्लिकमध्ये पुसलं होतं.

पुण्यातल्या एका प्रदर्शनाच्या निवडीसाठी शनिवारी संध्याकाळपर्यंत प्रिंट पोचायची होती. गेल्या वर्षी दुसऱ्या लॅबनं कडं गुलाबी करून दिलं. निवड समितीनं 'रंग कृत्रिम' असा शेरा मारून फोटो परत पाठवला. यंदा छापील फोटो मूळ फाइलशी ताडून बघणार होते.

"यंदा परत आला तर कॅमेरा माळ्यावर टाकते," मॅडम म्हणाल्या. "घरचे वाटच बघतायत."

तो मंगळवार होता. मी म्हटलं, सोपं आहे, आपोआप होणारं करेक्शन बंद करू. बंद केलं आणि खरा घोळ समोर आला. फोटो खरंच तांबडा होता. खालून वरपर्यंत, चिखलात बुडवून काढल्यासारखा.

मॅडम तोवर दौंडला परतल्या होत्या. फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "खालचा तांबूसपणा हायवेवरच्या हॉटेलांच्या दिव्यांचा आणि गुऱ्हाळांच्या धुराचा. तो काढा. वरचा ढगाचा. तो ठेवा."

मी फोन ठेवून डोकं धरून बसलो. लालातला लाल निवडायचा म्हणजे तांदळातून तांदूळ निवडण्यातला प्रकार. मग नेहमीची युक्ती केली. सॉफ्टवेअरमध्ये एक ड्रॉपर असतो. चित्रातली रंग नसलेली जागा त्यानं टिपायची, म्हणजे बाकीचे रंग त्या हिशेबानं जागेवर येतात. मी कोपऱ्यातली काळी, कोरी जागा बघून टिपली. चिखल गेला. प्रिंट काढून बुधवारी सकाळच्या एसटीनं त्यांना पाठवली.

गुरुवारी मॅडम रजा टाकून स्वतः आल्या. प्रिंटमध्ये चांदण्या मोरपिशी आणि कडं शेवाळी.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात आमचे मालक आप्पा केबिनमधून आले. आप्पांना कुठल्याही दुखण्यावर एकच औषध माहीत, सॅच्युरेशन. म्हणजे सगळे रंग सरसकट भडक करायचे.

"आरं, गिऱ्हाईक लाल म्हणतंय तर लाल दे की. त्यात काय हाय येवढं?"

माउस माझ्या हातातून घेऊन त्यांनी पट्टी टोकाला नेली. आकाशात गुलाबजाम तरंगायला लागले.

"बगा ताई. कसं उटून दिसतंय."

"आप्पा, माझी नोकरी लाल दिव्याची आहे," मॅडम म्हणाल्या. "लाल कुठला आणि गुलाबी कुठला, ते मला कळतं. गेल्या वर्षी असंच गुलाबी होऊन फोटो परत आला."

आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुनील, लग्नसराई तोंडावर हाय. ह्या बाईंना रामराम कर." खरं सांगतो, मलाही तेच करावंसं वाटत होतं. दोन दिवस एका काळ्या कागदापायी डोक्याला ताप. पण बावीस वर्षांत माझ्या हातचा फोटो दोनदा परत आला नव्हता. ते मला झोंबलं होतं. मॅडमना खुर्ची दिली आणि म्हणालो, "मी चुकलो कुठं ते दाखवा."

त्यांनी पर्समधून आकाशाचा नकाशा काढून स्क्रीनशेजारी धरला. "तुम्ही कोरी म्हणून जी जागा टिपली, तिथंही ढग आहे. पातळ आहे, एवढंच. एवढ्या रुंद फोटोत कोऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या."

म्हणजे मी मशीनला सांगितलं होतं की ढगाचा लाल हाच दोष समज आणि सगळीकडून काढून टाक. मशीननं इमानदारीत काढला. मला स्वतःचाच राग आला.

मग नीट बसलो. रस्त्याच्या उजेडाला आकार नसतो. तो क्षितिजाशी दाट असतो आणि वर पातळ होत जातो. ढगाला कडा असतात. मॅडमनी नकाशा बघून खरोखर कोऱ्या अशा आठ जागा दाखवल्या. तिथं जेवढा तांबूसपणा होता, तो नुसता दिव्यांचा. त्या आठ ठिपक्यांवरून खालून वर फिका होणारा एक थर बनवला आणि फोटोतून वजा केला. चिखल उतरला, कडं राहिलं.

पण रंगांचा तोल अजून जुळेना. पांढरं कशाला धरायचं? इथं घोडं अडलं.

आमच्या धंद्यात याची एक रीत आहे. मांडवातला फोटो आला की पांढरा रंग वऱ्हाडाच्या गांधी टोप्यांवरून धरायचा. तोही एका टोपीवरून नाही. एकीला नीळ जास्त झालेली असते, दुसरी तेलानं पिवळी पडलेली. एकीवर भरवसा ठेवला की अख्खं वऱ्हाड निळं नाहीतर पिवळं. म्हणून पन्नासेक टोप्यांची सरासरी काढायची. नवीन पोरांना हे मी घसा फोडून शिकवतो, आणि स्वतः एक कोपरा टिपून मोकळा झालो होतो.

"मॅडम, चांदण्यांचे रंग कसे असतात?"

"काही निळसर, काही तांबूस. खूप घेतल्या तर सरासरी पांढऱ्याच्या जवळ येते."

"मग हे वऱ्हाडच की."

तिकांड्याच्या ठळक निळ्या चांदण्या वगळून साताठशे बारक्या घेतल्या. त्यांची सरासरी पांढऱ्यावर आणली. दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. स्क्रीनवर तिकांड्याभोवती खोल लाल कडं उभं राहिलं, कोयत्याच्या पात्यासारखं वळलेलं. मॅडमनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. आप्पा मागून म्हणाले, "जरा फिकं न्हाई वाटत?" आम्ही दोघांनीही मागं वळून पाहिलं नाही.

शुक्रवारी प्रिंट निघाली. शनिवारी मॅडम दौंडहून पुण्याच्या गाडीनं ती नळीत घालून घेऊन गेल्या. आठवड्यानं फोन आला. निवड झाली होती.

मी बायकोला घेऊन प्रदर्शनाला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचं काम भिंतीवर लागलं होतं. हॉलमध्ये शिरलो आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक फोटोवर एक पिवळाधमक बल्ब. चांदण्यांना कावीळ, कडं विटकरी. चार दिवस ज्या पिवळ्या-तांबड्याशी झगडलो, तो वरून दिवा लावून परत आणला होता.

व्यवस्थापकांना विचारलं. "सगळ्यांना सारखाच दिवा आहे," ते म्हणाले. "शोभा येते."

मॅडम माझ्याशेजारीच उभ्या होत्या. त्यांनी दाराजवळचं स्टूल आणलं, वर चढल्या आणि रुमालानं धरून बल्ब फिरवून काढला. समोरच्या खिडकीतल्या उजेडात कडं पुन्हा लाल झालं. व्यवस्थापक ओरडत आले, "अहो, कुणाला विचारून काढलात?"

"बिघाड होता," मॅडम म्हणाल्या आणि बल्ब त्यांच्या हातात दिला.

सोमवारी लॅबमध्ये येऊन बघतो तर आप्पांनी आपोआप करेक्शन पुन्हा चालू करून ठेवलेलं. ये रे माझ्या मागल्या. मी मात्र कानाला खडा लावलाय. मोठी प्रिंट छापायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारतो, फोटो कुठल्या दिव्याखाली लावणार? बहुतेक जण म्हणतात, तुम्हाला काय करायचंय, तुम्ही नुसतं गोरं करा.