लाल दिवा लागत नाही

कर्जतला ड्रायव्हिंग स्कूल सुरू केलं तेव्हा माझ्याकडं एकच गाडी होती. जुनी, चौकोनी, पण तिला तापमानाचा काटा होता. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा. काटा मधे असला की सगळं ठीक, वर सरकायला लागला की गाडी बाजूला घ्यायची. शिकायला येणाऱ्याला तिसऱ्या दिवशी मी तो काटा दाखवायचो. मग बॉनेट उघडून रेडिएटर दाखवायचो, आणि तो तापलेला असताना त्याच्या झाकणाला हात लावायचा नाही असं दटावून सांगायचो. ह्यात अर्धा तास जायचा. पण तेव्हा चढणीला गाड्या उकळायच्याच, त्यामुळं तो अर्धा तास फुकट गेला असं कोणी म्हणायचं नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी मी नवी गाडी घेतली. तिला काटाच नव्हता. सकाळी चावी फिरवली की एक निळा दिवा लागायचा, म्हणजे इंजिन अजून थंड आहे. थोडं चालल्यावर तो विझायचा. फार तापलं तर त्याच जागी लाल दिवा लागणार, बाकी मधलं काहीच नाही. मला ते खटकलं. चारफाट्याजवळ माझ्या ओळखीचं गॅरेज आहे, माझ्या गाड्या वर्षानुवर्षं तोच माणूस बघतो. त्याच्यापाशी मी कुरकुर केली. तो हसला. म्हणाला, नव्या गाड्यांत काटा असला तरी तो काही खरं बोलत नाही. आतला कॉम्प्युटर त्याला मधेच धरून ठेवतो, माणसानं उगाच घाबरू नये म्हणून. खरंच तापलं तरच वर सोडतो. मग काटा काय आणि दिवा काय. शिवाय ह्या गाड्या तापतात कुठं?

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेणं सोयीचं होतं. दहिवलीकडं नव्या इमारती उठत होत्या, शिकणारे वाढले होते, आणि सकाळच्या वेळात दोन माणसं जास्त बसत होती. लायसन्सच्या परीक्षेत कोणी बॉनेट उघडायला लावत नाही. हळूहळू तो अर्धा तास दहा मिनिटांवर आला, आणि मग गेलाच.

अशात त्या बाई शिकायला आल्या. वय पन्नाशीच्या पुढं. कशेळ्याच्या पलीकडं, डोंगरालगतच्या एका उपकेंद्रात नर्स होत्या. दहिवलीत विहारामागच्या गल्लीत घर. आयुष्यभर जीपनं जाऊन येऊन केलेलं. कशेळ्याला उतरायचं, तिथून दुसरी जीप मिळेल तेव्हा पुढं. मुलगा पुण्याला नोकरीला. त्यानं स्वतःसाठी मोठी गाडी घेतली आणि आपली छोटी गाडी आईला आणून दिली. नवरा कुंभिवलीच्या एका कंपनीतून रिटायर झालेला. त्यांचे गुडघे गेले होते, क्लच दाबवत नव्हता. म्हणून बाईंनी शिकायचं ठरवलं.

त्यांच्यासारखा शिकणारा मला क्वचित मिळाला. हात हलका नव्हता, गिअर टाकताना गाडी हिसके द्यायची, पण सांगितलेलं एक अक्षर वाया जात नसे. पर्समध्ये एक छोटी वही असायची. तास संपला की बाहेर बाकावर बसून त्या सगळं लिहून काढायच्या. मी एकदा थट्टा केली, तर म्हणाल्या की दवाखान्यात डॉक्टर एकदाच सांगतात, न लिहून कसं चालेल. पेशंटला गोळी किती वाजता द्यायची हे जसं टिपायचं, तसं त्या माझं बोलणं टिपत होत्या. त्याचं मला कौतुक वाटायचं. त्याची भीती वाटायला हवी होती.

डॅशबोर्डच्या दिवशी मी घाईत होतो. पुढचा विद्यार्थी दारात येऊन उभा होता आणि त्याचं दोनदा घड्याळ बघून झालं होतं. मी बोट ठेवत ठेवत दिवे सांगितले. हा ऑइलचा, हा बॅटरीचा, हा हँडब्रेकचा. निळ्यापाशी आलो, सांगितलं की हा थंडीचा, आपोआप जातो. त्यांनी विचारलं,

"आन् ह्यो लाल झाला तर?"

"लाल लागत नाय हो आजकाल," मी म्हटलं. "लागलाच तर सरळ आपलं गॅरेज गाठायचं."

त्यांनी मान डोलावली. मी पुढच्या विद्यार्थ्याला हाक मारली.

डिसेंबरात त्या परीक्षा पास झाल्या. पेढे घेऊन दोघं नवरा-बायको क्लासमध्ये आले. त्यानंतर रोज सकाळी ती छोटी गाडी दहिवलीतून कशेळ्याच्या रस्त्याला लागलेली मला दिसायची. नवरा शेजारी बसलेला. नवीन आहे, एकटी कशी सोडू, असं म्हणून ते रोज बरोबर जायचे आणि दिवसभर उपकेंद्राच्या ओट्यावर पेपर वाचत बसायचे.

एप्रिलात ते झालं. मला दोन दिवसांनी गॅरेजवाल्याकडून कळलं. दुपारी परत येताना, कशेळ्याला पोचायच्या आधीच्या चढावर, त्यांच्या गाडीचा लाल दिवा लागला होता. पाण्याचा पाइप चिरला होता आणि कूलंट गळत होतं. बाई थांबल्या नाहीत. चालवत राहिल्या. कशेळ्याच्या बाजारात रस्त्यालाच दोन गॅरेजं आहेत, त्यांच्यासमोरून त्या पुढं गेल्या. गाव मागं पडल्यावर बॉनेटखालून वाफ यायला लागली, तेव्हा एका आंब्याखाली गाडी लावली आणि गॅरेजवाल्याला फोन लावत रस्त्यात रेंज शोधत उभ्या राहिल्या. तेवढ्यात नवरा उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं, खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळलं ते कोपरापासून मनगटापर्यंत, आणि गळ्यावर. डोळे वाचले ते नशीब. बाईंनीच गाडीतल्या बाटल्यांमधलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं, आणि एका जीपवाल्यानं दोघांना कर्जतच्या दवाखान्यात आणलं.

गॅरेजवाला हे सांगताना इंजिनाबद्दलच जास्त बोलत होता. हेड वाकलं, गॅस्केट गेलं. मला मात्र एकच कळेना. बाजारातली दोन गॅरेजं सोडून त्या पुढं का गेल्या? आणि मग कळलं. आपलं गॅरेज गाठायचं, असं मी सांगितलं होतं.

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो. नवरा कॉटवर बसले होते, हाताला जाड पट्टी, गळ्याला मलम. बाईंची एक जाऊ आली होती. ती मला ऐकवण्यासाठीच बोलत होती असं नाही, पण बोलत होती, की ह्या वयात बायामाणसानं गाडीचा हट्ट कशाला करायचा, जीपनं काय वाईट चाललं होतं. नवरा म्हणाले, झाकण मी उघडलं, तिचा काय दोष. पण ते कोणी ऐकून घेतलं नाही. बाई आतून चहा घेऊन आल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सर, मलाच कळलं नाय. नर्स असून माझ्या डोळ्यांदेखत झालं."

कॉटजवळच्या स्टुलावर औषधं होती आणि त्यांच्या खाली ती वही. ड्रेसिंग कधी बदलायचं ते आता त्या तिच्यातच लिहीत असाव्यात. त्या कप न्यायला आत गेल्या, जाऊ त्यांच्यामागं गेली, आणि मी वही उचलली. का उचलली ते ठाऊक नाही. बहुतेक त्यात ते नसेल अशी आशा होती. दिव्यांचं पान सापडलं. सुबक अक्षरात एकाखाली एक. ऑइल, बॅटरी, हँडब्रेक. मग निळा, थंडी, आपोआप जातो. आणि त्याखाली: लाल, लागत नाही. लागलाच तर सरांचं गॅरेज.

मी वही होती तशी ठेवली.

तेव्हा बोलायला हवं होतं. जाऊ घरात होती, नवरा समोर होता, बाई दोन पावलांवर होत्या. एक वाक्य पुरलं असतं. मी मात्र गाडी नीट झाली की दोन-चार तास फुकट घेईन, भीती मोडेल, असं म्हणालो. बाईंनी हात जोडले. त्या हात जोडण्यानं मला जे झालं ते सांगता येत नाही, तरी मी चप्पल घालून निघून आलो.

पुढं पावसाळाभर मी स्वतःशी वाद घातला. गॅरेजवाल्याला विचारलं, काटा असता तर हे टळलं असतं का? तो म्हणाला, थोडा आधी चढला असता, पाच-सात मिनिटं मिळाली असती. मी म्हटलं, म्हणजे काटा हवाच. तो बोल्ट आवळत होता, मान वर न करता म्हणाला, "काटा असता तरी तो बघायला कुणीतरी शिकवायला लागलं असतं ना."

त्यानंतर मी तो विषय त्याच्याकडं काढला नाही. पण बॉनेटचा अर्धा तास परत सुरू केला. गाडीला काटा नाही, म्हणून आता जास्तच बोलायला लागतं: लाल लागला की पुढं एक पाऊलही न्यायची नाही, बाजूला घ्यायची, इंजिन बंद, झाकणाला हात नाही, जे जवळचं असेल त्या गॅरेजला फोन. विद्यार्थी मोबाइलमध्ये बघत ऐकतात. प्रत्येक वेळी मला वाटायचं की हे मी चुकीच्या माणसांना सांगतोय.

दिवाळीनंतर बाईंचे मालक क्लासमध्ये आले. गाडी दुरुस्त होऊन कव्हर घालून दारात उभी आहे, मुलगा विकायची म्हणतोय, कोणी गिऱ्हाईक असेल तर बघा, म्हणाले. ही तिला हात लावत नाय, परत जीपनंच जाते. त्यांचा हात बरा झाला होता. कातडी गुलाबी आणि ताणल्यासारखी चकचकीत. मी त्या हाताकडं बघत राहिलो आणि मग सगळं सांगून टाकलं. घाईचं, लाल दिव्याचं, वहीतल्या पानाचंही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मला कशाला सांगता? झाकण उघडायचं नसतं ते मला भाजलं तेवाच कळलं. तिला सांगा."

रविवारी गेलो. बाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. माझी चूक होती, तुम्ही मी सांगितलं तेच केलं, तुमच्या वहीत ते मी तेव्हाच वाचलं होतं, दोष माझा आहे. सूप थांबलं. त्या तांदळाकडंच बघत होत्या. मला वाटलं, त्या म्हणतील की असू दे सर, होतं असं. म्हणजे, मनातून मी त्याचीच वाट बघत होतो.

"ते तर माणूस बोलून जातो," त्या म्हणाल्या. "माझ्या हातूनबी चुका झाल्यात. पण सर, तुमी तवा घरी आलेलात. वही बघितलीत. आन् गेलात. सात महिने मी ह्यांच्या हाताकडं बघून जेवतेय."

 

त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं आणि विचारलं, "आता पोरांना काय सांगता?" मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, एकदा विचारलं की इंजिन बंद केल्यावर किती वेळानं झाकण थंड होतं. मी म्हटलं, घाई करायचीच नाही, मेकॅनिक येईपर्यंत हात लावायचाच नाही. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. फुकट तासांचं मी पुन्हा काढलं, तर म्हणाल्या, नको, भाचा शिकवतो म्हणालाय.

गाडी विकली गेली नाही. भाच्यानं दोन रविवार मैदानात सराव करून घेतला असं मालकांकडून कळलं. जावेला बाईंनी काय सांगितलं, काही सांगितलं का, ते मी विचारलं नाही. तेवढा धीर झाला नाही.

परवा एका विद्यार्थ्याला घेऊन कशेळ्याला गेलो होतो. बाजाराच्या वळणावर समोरून ती छोटी गाडी आली. बाई चालवत होत्या, मालक शेजारी. मालकांनी भाजलेला हात वर केला. मीही केला. बाईंची नजर रस्त्यावर होती, वळण घेताना असायलाच हवी तशी, आणि त्यांनी मला पाहिलं की नाही हे मला सांगता येणार नाही. गाडी न हिसकता वळली आणि पुढं गेली.

विद्यार्थ्यानं विचारलं, "तुमच्याकडंच शिकल्यात काय, सर?"

मी म्हटलं, "क्लच, गिअर, ब्रेक माझ्याकडं."