चुलीवरच्या दोन बाटल्या

घाटघरच्या वाटेवरच्या एका गावातली साळुबाई शाळेत एकच दिवस गेली, तीही भावाचा डबा द्यायला. पण पाण्याच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची आज कुणाची टाप नाही.

गावाच्या वरच्या वाडीला नळ होता. साळुबाईच्या खालच्या वाडीला झरा. तिची नात आरोही दर महिन्याला जुलाबांनी निपचित पडायची. नळ मागायला गेलं की सरपंच गेणभाऊ हसायचे. "झऱ्याचं पानी लई गोड. खराब हाय म्हनता तर पुरावा आना." खुर्चीवरून पुरावा मागायला काय जातं? तो आणायचा मात्र ज्यांच्या घरी पोर आजारी, त्यांनीच!

नर्स शीलाताईंनी साळुबाईला दोन छोट्या बाटल्या दिल्या. आत औषध होतं. पाणी भरून दोन दिवस उबेला ठेवायचं, घाण असलं तर ते काळं पडतं. "एकीत झऱ्याचं, दुसरीत नळाचं भरा मावशी. शेजारी शेजारी दिसलं की तोंडं बंद होतात."

आता श्रावणातल्या त्या गारठ्यात ऊब कुठली? साळुबाईने बियाण्याची कणसं टांगतात तशा दोन्ही बाटल्या चुलीवर टांगल्या. ग्रामसभेत पिशवीतून काढल्या, तर काजळीने दोन्ही काळ्याकुट्ट!

सभा खो खो हसली. "नळाचं बी काळंच की गं!" गेणभाऊ म्हणाले. पण साळुबाईच्या डोळ्यांपुढे आरोही आली, तशी ती खाली बसली आणि पदराने बाटल्या घासू लागली. नळाची फिकट पिवळी निघाली. झऱ्याची, बोटं दुखेपर्यंत पुसली तरी काळीच.

"आता तुमी पुसा, भाऊ," म्हणत तिने ती सरपंचांच्या हातात दिली. त्यांनी खरंच अंगठा घासून पाहिला. काळं आत होतं. नळाचा ठराव त्याच सभेत झाला.

आरोही आता शाळा बुडवते ती फक्त करवंदांसाठी.

शीलाताई तीन वर्षं वाडीत येत होत्या, पण प्यायचं पाणी नारायणगावहून सोबत आणत. साळुबाई त्यांना चहा द्यायची. पाण्याला विचारायची मात्र तिला लाज वाटायची. नळाला पाणी आलं त्या दिवशी तिने तांब्या घासून भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

"ताई, तुमचं लई उपकार..."

शीलाताई गटागटा पाणी प्यायल्या, आणि रिकामा तांब्या पुढे करून म्हणाल्या, "मावशी, अजून द्या."